अडीच लाखांचे कान

गेल्या वर्षीच्या बोनसमधून मला म्युझिक सर्व्हर घ्यायचा होता. किंमत अडीच लाख. आत पंखा नाही, त्यामुळे घरघर नाही. आपली सगळी गाणी पोटात घेऊन बसलेला डबा, आणि गाणी वाजवण्याखेरीज त्याला दुसरं कामच नाही. एका मित्राने त्याच्याकडचा आठवडाभर वापरायला दिला. पहिल्याच रात्री मालकंस लावला आणि वाटलं, तानपुरा आपण आज पहिल्यांदा ऐकतोय.

आठवड्याच्या शेवटी धाकटी बहीण म्हणाली, "दादा, परीक्षा देतोस?" तीच फ्लॅक फाइल, तोच डॅक, तेच स्पीकर, आवाजही तेवढाच. फक्त फाइल कधी सर्व्हरवरून येणार, कधी माझ्या जुन्या लॅपटॉपवरून. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. १० पैकी ५ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती.

यात नवल नाही. सीडीवर आवाजाची सेकंदाला ४४,१०० मोजमापं असतात. त्यातून सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज परत उभा करता येतो, आणि तरुण कानही २०,००० च्या आसपास थांबतो. फ्लॅकमध्ये त्यातलं काही गळत नाही. सर्व्हरने ते आकडे न बदलता डॅकपर्यंत पोहोचवायचे, एवढंच. ते साधा कॉम्प्युटरही करतो. स्ट्रीमिंगवरून गाणी अचानक गायब होतात, म्हणून स्वतःच्या फाइल्स हव्यात, हे मला पटतं; पण त्यासाठी एक हार्ड डिस्क पुरते.

प्रश्न इथे संपायला हवा होता. पण मला छळत होतं ते वेगळंच: पहिल्या रात्रीचा आनंद खोटा होता का?

नव्हता. मी फक्त त्याचं श्रेय भलत्याला दिलं. त्या रात्री फोन दुसऱ्या खोलीत होता, दिवा मालवलेला होता आणि चाळीस मिनिटं मी जागचा हललो नव्हतो. एरवी मी मालकंस भांडी घासताना ऐकतो आणि मधे तीन मेसेज वाचतो.

मग अडीच लाख ही स्वतःच्या एकाग्रतेची फी समजावी का? जिमचे पैसे भरले की माणूस निदान काही दिवस जातो, तसं? हे मला बराच काळ पटलं होतं. पण मधले दिवस आठवले. दुसऱ्या रात्रीपासून मी गाणं ऐकतच नव्हतो, यंत्र ऐकत होतो. तान कुठून निघून कुठे पोहोचली याकडे लक्ष नाही. तार नीट सुटी ऐकू येतेय ना, पैसे वसूल होतायत ना, हाच हिशोब. लक्ष लागत होतं, पण ते डब्याकडे.

भीमसेन जोशींनी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची एक ठुमरी रेकॉर्डवर ऐकली आणि गाणं शिकायला घर सोडलं. ७८ आरपीएमची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, वर खरखर. मूळ आवाजातलं कितीतरी त्या मुलाच्या कानापर्यंत पोहोचलंच नसेल. जे पोहोचलं ते पुरलं.

मी सर्व्हर परत केला. आता रात्री फोन स्वयंपाकघरात ठेवतो आणि लॅपटॉपवर गाणं लावतो. रोज जमतं असं नाही. जमत नाही त्या रात्री अजूनही वाटतं, तो डबा घरात असता तर जमलं असतं.