निष्ठेचे पॉइंट

यंदा दिवाळीच्या खरेदीला मी मोठ्या ऐटीत निघालो. शहरातल्या एका बड्या दुकानाचे ‘निष्ठावंत ग्राहक’ असे छापलेले कार्ड माझ्या खिशात होते. तीन वर्षांत त्यावर १,८४० पॉइंट साठले होते. एका पॉइंटला पंचवीस पैसे. म्हणजे ४६० रुपये!

गल्ल्यावरची मुलगी यंत्रात पाहून म्हणाली, “सर, नियम बदललाय. सहा महिन्यांच्या आतले ११२ पॉइंट चालतील. बाकीचे रद्द झाले.”

माझ्या तीन वर्षांच्या निष्ठेचे अठ्ठावीस रुपये हाती आले! वाटभर मी धुमसत होतो.

राग निवल्यावर मात्र मनात आले, की मी निष्ठा ठेवली होती ती कशावर? ही युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत १८९६ साली निघालेली स्पेरी अँड हचिन्सन कंपनी दुकानदारांना हिरवी तिकिटे विकी. गिऱ्हाइके ती वहीत चिकटवीत आणि वह्या भरल्या की वस्तू घेत. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्स प्रवाशांचे मैल मोजू लागली. न वापरलेले पॉइंट कंपनीच्या वहीत देणे म्हणून राहतात. मुदत संपली की तेच उत्पन्न होते. आपले विसरणेसुद्धा तिथे आधीच हिशेबात धरलेले असते.

नियम मध्येच बदलला, हा दुकानाचा दोष खराच. पण शेजारच्या दुकानाने दुप्पट पॉइंट देऊ केले असते, तर मी तरी थांबलो असतो का? माझ्या लोभालाच मी निष्ठा हे भारदस्त नाव दिले होते. आणि त्या लोभापायी आमच्या आळीतल्या किराणा दुकानाची पायरी तीन वर्षे चढलो नव्हतो. आईच्या आजारपणात याच दुकानदाराने दोन महिने उधारीवर आमची चूल पेटती ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी संकोचत तिथे गेलो.

“या मास्तर! आईंचा गुडघा काय म्हणतोय?”

सामान बांधून झाल्यावर त्याने दरसालच्या रिवाजाप्रमाणे उटण्याची पुडी पिशवीत टाकली. मग थोडे थांबून आणखी तीन टाकल्या.

“या कशाला, शेठजी?”

“मागच्या तीन दिवाळ्यांच्या तुमच्या राहिल्यात ना!”

तो हसत होता. मला मात्र मान वर करवेना.