सौदा मोडला, घोडा नव्हे

व्हेटच्या तपासणीनंतर घोड्याचा सौदा मोडला की घेणाऱ्याला सगळीकडून एकच दिलासा मिळतो : ‘बरं झालं, वेळेवर कळलं. सुटलात.’ पागेत हेच, क्लबात हेच, घरीही हेच. हल्ली त्याला तत्त्वज्ञानाची जोडही मिळाली आहे. जे तुमचं झालंच नव्हतं ते तुम्ही गमावलं कसं, असा प्रश्न शांतपणे विचारला जातो आणि निराश माणसाला आपली निराशाच चुकीची वाटू लागते. मला हा दिलासा उथळ वाटतो, आणि निरुपद्रवी तर मुळीच वाटत नाही. त्याची किंमत बहुतेक वेळा घोडा मोजतो.

घोडा पारखून घेणं आपल्याला नवं नाही. शालिहोत्राच्या नावावर चालत आलेलं अश्वशास्त्र, स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला येणारा शिलेदार, भीमथडीची तट्टं, हे सगळं वाचकाला ठाऊक आहे. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत आजही दात बघून वय काढतात, भोवरे तपासतात, पंचकल्याणी घोड्यापाशी गर्दी करतात. भोवऱ्यांवरून घरादाराचं भविष्य सांगणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. एवढंच नोंदवतो की अशुभ भोवऱ्याचा निकाल सबंध घोड्यावर असतो. तो घोडा कोणत्या कामाला, कोणाकडे, किती वर्षांसाठी जाणार आहे, याच्याशी त्या निकालाला कर्तव्य नसतं.

आधुनिक तपासणी नेमकी इथे वेगळी पडते. ब्रिटनमध्ये रुळलेल्या पद्धतीत तिचे पाच टप्पे असतात. आधी उभ्या घोड्याचे डोळे, हृदय, दात, पाय, खूर पाहायचे. मग त्याला कडक जमिनीवर सरळ रेषेत चालवायचं, दुडकीने पळवायचं. मग चांगला दम लागेल इतकं काम द्यायचं, विसावू द्यायचं आणि पुन्हा दुडकी पाहायची. एकेक पाय मिनिटभर दुमडून धरतात आणि सोडताक्षणी घोडा पळवतात, म्हणजे सांध्यातलं दडलेलं दुखणं चालीत उतरतं. रक्ताचा नमुना काढून ठेवतात, कारण वेदनाशामक टोचून लंगडा घोडा धड दाखवणारे विक्रेते जगभर आहेत. एवढं सगळं करूनही तिथल्या व्हेटनी ‘पास’ आणि ‘नापास’ हे शब्द टाळावेत अशी अपेक्षा असते. व्हेट सांगतो ते इतकंच : आज, या तपासणीत, मला हे आढळलं, तुम्ही सांगितलेल्या कामासाठी ते अडचणीचं ठरेल, किंवा बहुधा ठरणार नाही. ही नम्रता भिडेखातर आलेली नाही. खुराच्या आतल्या नेव्हिक्युलर हाडात बदल दिसत असूनही वर्षानुवर्षं न लंगडणारे घोडे असतात, आणि स्वच्छ एक्स-रेवाले लंगडतात. व्हेट धोक्याचा अंदाज देतो. निकाल आपण ऐकतो.

पुण्या-मुंबईत हा प्रसंग अनेकदा रेसमधून निवृत्त झालेल्या थरोब्रेडच्या बाबतीत येतो. दोन वर्षांच्या वयात ट्रॅकवर उतरलेला हा घोडा रेस सोडतो तेव्हा बहुधा तरुणच असतो. पुढे वीसेक वर्षं आयुष्य असू शकतं. पण पुढच्या पायाच्या मागच्या बाजूचा टेंडन भरधाव वेगात जवळजवळ त्याच्या सोसण्याच्या टोकापर्यंत ताणला जातो. तो फाटला तर भरून येतो, मात्र भरून आलेल्या जागी मूळची लवचिकता राहत नाही, आणि तोच पाय पुन्हा जायबंदी होण्याची भीती कायम राहते. माझ्या ओळखीच्या एका मुलीने उड्यांच्या स्पर्धांसाठी असाच एक घोडा पसंत केला होता. सोनोग्राफीत जुनी इजा दिसली. व्हेट म्हणाले, उड्यांच्या कामासाठी नको. ‘उड्यांच्या कामासाठी’ हे शब्द त्याच संध्याकाळी गळून पडले. क्लबात उरलं ते फक्त ‘नको’.

‘सुटलात’ म्हणणाऱ्यांचं एक मान्य करायला हवं. घोड्याच्या किमतीपेक्षा त्याला पोसण्याचा खर्च मोठा असतो. चारा, खुराक, सईसाचा पगार, नालबंद, औषधपाणी. काम न देणाऱ्या घोड्यालाही हे सगळं लागतंच. तेव्हा पैसे वाचले हे खरंच आहे. पण त्या मुलीचं दुःख पैशाचं नव्हतं, आणि ज्या नुकसानीचं दुःखच नाही तिच्याबद्दल दिलासा देणं म्हणजे समोरच्याचं न ऐकणं होय.

आणि ‘तुमचा झालाच नव्हता’ या युक्तिवादाचं काय? तो घोड्यावर कधी न बसलेल्या माणसाचा युक्तिवाद आहे, असं मी म्हणेन. घोडा घेणारा त्यावर आधी बसून पाहतो, चांगला खरेदीदार पुन्हा पुन्हा पाहतो. या काळात मालकी कुणाचीही असो, शरीरं एकमेकांना शिकत असतात. लगाम किती हलका धरला की हा मान सोडतो, डाव्या वळणावर कसा आखडतो, कोणत्या आवाजाला कान टवकारतो हे मांड्यांना आणि बोटांना कळलेलं असतं. घोड्यालाही या बसणाऱ्याचं वजन कळलेलं असतं. एवढी ओळख झाल्यावर ती खरेदीखताअभावी झालीच नाही असं म्हणणं म्हणजे माणसाचे सगळे संबंध सातबाऱ्याच्या उताऱ्यावर मोजणं आहे.

पण माझा खरा आक्षेप आणखी पुढचा आहे. ‘सुटलात’ हा दिलासा लागू पडायचा असेल तर ज्यापासून सुटलो ते वाईट असावं लागतं. मग मन त्या कामाला लागतं. त्याच्या डोळ्यातच काहीतरी होतं, मला पहिल्या दिवसापासून शंका होती, मालक जरा जास्तच गोड बोलत होता. आवडलेला घोडा मागे जाऊन नावडता केला जातो, म्हणजे सोडणं सोपं होतं. ठरत आलेलं लग्न मोडल्यावर घरोघरी हेच होतं : आपलं मन हलकं व्हावं म्हणून दुसऱ्या घरच्या मुलीला नाव ठेवलं जातं, आणि ते नाव तिच्या पुढच्या स्थळाच्या आधी तिथे पोचतं. घोड्यांचं जग तर त्याहून लहान. एका पागेतलं वाक्य दुसऱ्या पागेत पोचायला वेळ लागत नाही. असा डागी ठरलेला घोडा पडत्या भावात हातोहात फिरतो, आणि प्रत्येक नव्या विक्रेत्याला त्याची इजा लपवावीशी वाटते, कारण इजा सांगितली की कामाचा विचार कुणी करत नाही, सरळ नकारच येतो. शेवटी ज्या पायाला विश्रांती हवी होती तो वरातीत डांबरावर नाचतो किंवा गिरिस्थानाच्या चढावर दिवसभर माणसं वाहतो.

काहीही निघालं तरी घोडा घ्याच म्हणणारे दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. ते स्नोमॅन नावाच्या घोड्याचं उदाहरण देतात : १९५६ साली कत्तलखान्याच्या वाटेवरून ८० डॉलरला उचललेला आणि दोनच वर्षांत उड्यांच्या स्पर्धेत मॅडिसन स्क्वेअर गार्डन गाजवणारा. पण ज्यांना उचलूनही काही साधलं नाही अशा घोड्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही; प्रेमापोटी न झेपणारा घोडा घेणं घोड्याच्याही हिताचं नसतं.

म्हणून मला एकच भेद महत्त्वाचा वाटतो, आणि बाकी सगळं मी त्याच्यासाठी सोडायला तयार आहे. सौदा मोडणं वेगळं आणि घोडा नाकारणं वेगळं. सौदा मोडताना मी माझ्याबद्दल बोलतो : मला उड्या मारायच्या आहेत, मला दोन घोडे पोसता येत नाहीत, मला हा धोका उचलता येत नाही. घोडा नाकारताना मी त्याच्याबद्दल बोलतो. ग्लँडर्ससारखा रोग निघाला तर गोष्ट निराळी. तो माणसालाही होतो आणि तिथे कायदाच घोड्याच्या मरणाचा निर्णय घेतो. पण टेंडन, खूर, सांधे, श्वास यांच्या बाबतीत बहुतेक वेळा सौदाच मोडण्याजोगा असतो. सौदा मोडणाऱ्याचं दुःख शिल्लक राहतं, हे खरं. चांगला घोडा होता आणि मला तो घेता आला नाही, हे वाक्य ‘सुटलो’ या वाक्यापेक्षा कितीतरी जड आहे. माझ्या मते ते तसंच जड राहू द्यावं, कारण ते हलकं करण्याची प्रत्येक युक्ती घोड्याला बदनाम करते.

याचा व्यवहारातला अर्थ असा की तपासणीचा अहवाल खिशात घालून ‘विचार बदलला’ एवढंच कळवणं पुरेसं नाही. तपासणीचे पैसे देणाऱ्याचाच अहवालावर हक्क असतो, विक्रेत्याला तो दाखवण्याचं बंधन नाही, हे मला माहीत आहे. तरीही दाखवावा. व्हेटला विचारून घ्यावं की उड्या नाहीत तर मग काय : सपाट मऊ जमिनीवर हलकी दुडकी, नवशिक्यांसाठी चाल, की आधी वर्षभर आराम आणि मग पुन्हा सोनोग्राफी? उत्तर लिहून मालकाच्या हाती द्यावं, आणि क्लबात कुणी विचारलं तर पूर्ण वाक्य सांगावं, कामासकट. निराश झालेल्या खरेदीदाराला हे सर्वांत कठीण जातं, पण ते करण्याच्या जागी त्या आठवड्यात तोच असतो : त्या घोड्याचा पाय आतून कसा आहे हे व्हेटने त्याला सांगितलेलं असतं, आणि तो घोडा पाठीवरून कसा आहे हे त्याला स्वतःला ठाऊक असतं.