चांगुणेला कोणी विचारले होते?

श्रियाळ राजा आणि चांगुणा यांची कथा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. अतिथीच्या इच्छेखातर चिलया बाळाचे दान करणाऱ्या त्या मातेपुढे आपण हात जोडतो. परंतु तिला ‘नाही’ म्हणण्याची मुभा होती काय, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. तो पडला उतारवयात, आणि तोही शेजारच्या एका तान्ह्या बाळामुळे.

काही वर्षांपूर्वी निजामपुऱ्यातील आमच्या वस्तीत एका बाळाची कावीळ उतरेना. वडीलधाऱ्यांनी, त्यांत आम्हीही आलो, कोवळ्या उन्हात धरण्याचा सल्ला दिला. शीचा रंग पांढुरका आहे, याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. निदान झाले तेव्हा तीन महिने उलटले होते. यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नलिका बंद असण्याचा हा दुर्मीळ विकार. डॉक्टर त्यास बिलिअरी अ‍ॅट्रेसिया म्हणतात. जपानचे डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात त्यावर शस्त्रक्रिया शोधून काढली. मात्र ती जन्मानंतर सुमारे दोन महिन्यांच्या आत झाल्यास लाभाची आशा अधिक. ती वेळ टळली की बहुधा यकृतरोपणच उरते. काही बाळांमध्ये तर पोटातील अवयवांच्या बाजूच उलट असतात. एके काळी अशांचे रोपण अशक्य मानले जाई. आज निष्णात शल्यविशारद तेही करतात.

हा मार्ग सोपा नव्हता. अमेरिकेत डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये याच विकाराच्या तीन वर्षांच्या बालकावर केलेला पहिला प्रयत्न असफल ठरला; यश मिळण्यास १९६७ उजाडले. भारतात १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात कांचीपुरमच्या एका चिमुकल्याला वडिलांच्या यकृताचा भाग लावण्यात आला. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला.

बाळाला प्रौढाच्या यकृताचा डावीकडील लहानसा भाग पुरतो, आणि दात्याचे उरलेले यकृत पुन्हा वाढते. तरीही निरोगी देहावर शस्त्र चालवायचे ते दुसऱ्यासाठी. त्यात जोखीम थोडी असली तरी शून्य नाही.

शेजारच्या घरात आईच्या तपासण्या झाल्या. ‘त्या योग्य दात्या नाहीत,’ एवढेच डॉक्टरांनी सांगितले. अखेर वडिलांनी यकृत दिले आणि बाळ वाचले. पण वस्तीत कुजबूज सुरू झाली : अहवालात नेमके काय निघाले? आई खरोखरच अपात्र होती, की घाबरली? खेदाने सांगतो, आम्हीही ती चौकशी केली. आयुष्य सरकारी कचेरीत गेले. कारण नोंदविल्याशिवाय कोणताही नकार फाइलीवर ग्राह्य धरायचा नाही, ही आमची शिस्त.

पुढे एका परिचित डॉक्टरांकडून कळले की दात्याशी एकांतात बोलण्याची पद्धत आहे. मन तयार नसेल, तर कुटुंबाला केवळ ‘योग्य दाता नाही’ असे सांगतात. कारण उघड करीत नाहीत. आम्ही अस्वस्थ झालो. हे अर्धसत्य नव्हे काय? अश्वत्थाम्याच्या नावाने उच्चारलेल्या अर्धसत्याची किंमत आपण जाणतो. शिवाय ज्याला बोलताही येत नाही, त्या बाळाचा जीव पणाला लागलेला असताना आईच्या भीतीला एवढा मान का द्यावा?

विचारांती दोन गोष्टी उमगल्या. पहिली ही, की कर्तव्याचे माप प्रत्येकाने स्वतःला लावावे. दुसऱ्याच्या देहावर ते वसूल करता येत नाही. शिबी राजाने मांस कापून दिले ते स्वतःचे, शेजाऱ्याचे नव्हे. नकार देणे शक्य असते, म्हणूनच होकाराला दानाचे मोल येते. १९९४ च्या अवयवरोपण कायद्याखाली २०१४ मध्ये झालेल्या नियमांतही दाता स्त्री असल्यास अधिक खबरदारी घेऊन तिची स्वतंत्र संमती पडताळावी, असे म्हटले आहे. घरच्या बैठकीत सुनेकडे वळणाऱ्या नजरांचे वजन नियम करणाऱ्यांनी ओळखले, असे आम्हांस वाटते.

दुसरी गोष्ट अशी, की ‘योग्य दाता नाही’ हे विधान मुळात असत्यच नाही. रक्तगट जुळणे ही जशी पात्रता, तशीच मनाची तयारीही. ज्याचे मन तयार नाही, तो दाता म्हणून अयोग्यच. मग त्याचे यकृत कितीही निर्दोष असो.

त्या माउलीच्या अहवालात काय होते, हे आम्हांला ठाऊक नाही, आणि आता जाणूनही घ्यायचे नाही. ज्या आम्ही बाळाच्या शीचा रंग विचारला नाही, त्यांना आईच्या कागदांची चौकशी करण्याचा अधिकार कोणता? वडीलधाऱ्यांनी विचारायचे असेल तर तेच विचारावे : कावीळ दोन आठवड्यांवर गेली का, शी पांढुरकी आहे का, आणि तसे असल्यास बाळाला उन्हात नव्हे, डॉक्टरांकडे न्यावे. तो प्रश्न वेळेवर विचारला गेला, तर पुढचा कठीण प्रश्न कित्येक चांगुणांच्या वाट्याला येणारच नाही.