नाव नसलेले दुखणे

गोंडपिपरीसारख्या गावात पाळीव पांढरा ससा म्हणजे बहुधा मुलांच्या हौसेची वस्तू. हौस फिटली की तो बेवारस होतो आणि एखादे दिवशी कुत्र्यांच्या तावडीतून सोडवून कोणीतरी त्याला घरी आणतो. चार दिवसांनी त्याची मान एका बाजूला कलते, डोळे भिरभिरतात, तो गिरक्या घेत कोसळतो. वर जखम दिसत नाही. कारणही सापडत नाही. ज्या दुखण्याला नाव नाही त्याची सेवा करावी, की 'मुके जनावर, जायचे तर जाईल' म्हणून आपण मोकळे व्हावे?

उत्तर न सापडण्यात वैद्याचा दोष असतोच असे नाही. कानाच्या आतील जंतुसंसर्ग, डोक्याला बसलेला मार, विषबाधा यांपैकी कशानेही सशाची मान कलते. एन्सेफॅलिटोझून कुनिक्युली नावाचा एक सूक्ष्म परजीवीही त्याच्या मेंदूत व मूत्रपिंडांत ठाण मांडतो. पक्षाघात झालेल्या सशांच्या संदर्भात त्याचे वर्णन १९२२ साली झाले. तथापि रक्ततपासणीत केवळ संसर्गाची खूण कळते, आणि ती धडधाकट सशांतही आढळते. खात्री बहुधा मरणोत्तर तपासणीतच होते.

नाव कळले नाही तरी काम स्पष्ट असते. सशाचे आतडे सतत चालते राहावे लागते; दिवसभर पोटात काही गेले नाही तर जिवावर बेतते. म्हणून गवत त्याच्या तोंडाशी धरावे, उथळ भांड्यात पाणी ठेवावे, खोक्यात जुन्या कापडाच्या गुंडाळ्या लावून त्याला टेकू द्यावा, जमिनीकडे आलेला डोळा स्वच्छ ठेवावा. औषध पशुवैद्यालाच विचारून द्यावे. काही ससे कलत्या मानेनेही खातात, फिरतात, पुढे जगतात. काहींच्या यातना मात्र आवरत नाहीत. तेव्हा पशुवैद्याच्या हातून त्यांचा शांत शेवट होऊ देणे ही निष्ठुरता नव्हे. आपल्या समाधानासाठी त्यांना तिष्ठत ठेवणे ही निष्ठुरता होय.

यावर कोणी म्हणेल, जेथे रुग्णाला चंद्रपूर-नागपूरच्या वाऱ्या कराव्या लागतात, वाघाच्या हल्ल्यात माणसे दगावतात, तेथे सशाचे कौतुक कशाला? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथानेही दोन्ही बाजू मांडल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही. तसेच माणसांच्या हालअपेष्टांवर आधी खर्चावयाचा पैसा प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. पैशाची ही मर्यादा आपण मानलीच पाहिजे. पण वर सांगितलेल्या सेवेला पैसा थोडा आणि वेळ फार लागतो. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, हेमलकशाला, १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. मेलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू डॉ. प्रकाश आमटे यांनी माडिया शिकाऱ्यांकडून मागून घेतले, आणि तेथून अनाथ प्राण्यांचे आश्रयस्थान उभे राहिले. त्याच प्रकल्पात आदिवासींसाठी दवाखाना चालला. तेथे प्राण्यांवरील मायेने माणसांचा वाटा हिरावला नाही.

कारण न कळणे माणसाला सोसत नाही. मग तो कारण शोधण्याऐवजी दोषी शोधतो. आपल्याच जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे, ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना बांधून मारहाण झाली. जन्मांधाला पाहून येशूच्या शिष्यांनाही पाप कोणाचे हेच जाणून घ्यायचे होते. येशूने कोणावरही दोष ठेवला नाही; त्याने त्या माणसाला दृष्टी दिली. तशी शक्ती आपल्यापाशी नाही. परंतु दोषी न शोधता आजाऱ्याजवळ बसणे आपल्या हातचे आहे.

आपल्या वस्तीत फिट येणारे मूल असेल, वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली आजी असेल. त्यांच्याही दुखण्याचे कारण पुष्कळदा कोणाला सांगता येत नाही. घरातील मुले सशाच्या तोंडाशी गवत धरायला शिकली, तर त्या दारी जायलाही आपण त्यांना शिकवले पाहिजे.