सनातन: शब्द आणि अर्थ

‘सनातन’ हा शब्द ‘सना’ या संस्कृत अव्ययाला ‘तन’ जोडून झाला आहे. ‘सना’ म्हणजे पूर्वीपासून, सदैव. ‘तन’ काळाशी नाते दाखवतो, जसे अद्यतन, चिरंतन. म्हातारा या अर्थाचा लॅटिन ‘सेनेक्स’ ‘सना’च्याच कुळातला. अथर्ववेदाच्या १०व्या कांडात सनातन तत्त्व आजही नवे होणारे मानले आहे. म्हणजे सनातन ते केवळ जुने नव्हे. गीतेत हे विशेषण आत्म्याला लागते, तसेच अर्जुनाच्या तोंडी कुलधर्मांनाही. धम्मपद या पाली बौद्ध ग्रंथात वैर अवैरानेच शमते हा नियम ‘सनंतन’ ठरतो. १९व्या शतकात सुधारकांना विरोध करणाऱ्या परंपरानिष्ठांनी ‘सनातन धर्म’ हे नाव पुढे केले. मराठीत ‘सनातनी’ला कर्मठपणाचा अर्थ त्यातूनच चिकटला.