एका पुडीने काय होते?

वारीला निघताना पडशीत पंचा, गंध, टाळ, नेसूचे एखादे लुगडे घालतो, आणि अलीकडे तिच्या कोपऱ्यात चार-सहा शांपूच्या पुड्याही असतात. रुपया-दोन रुपयांची वस्तू. फाडली, केसांना लावली, टाकली. आषाढीला चंद्रभागेत लाखो माणसे स्नान करतात. दुसरे दिवशी वाळवंटात काय पडलेले असते, ते वारकऱ्याला सांगायला नको.

वाचकांपुढे आम्ही एकच प्रश्न ठेवतो. आपले अंग शुद्ध करताना दुसऱ्याचे ठिकाण घाण झाले, तर ते स्नान झाले का? यावर उत्तर ठरलेले असते, “अहो, माझ्या एका पुडीने काय होते?” खरेच, एका पुडीने काही बुडत नाही. पेच आहे तो येथेच. दोष लाखांत वाटला गेला की तो कोणाच्याच पदरी दिसत नाही.

पुडी दिसते एवढीशी, पण घडण मोठी हट्टी. प्लास्टिकचे पातळ पापुद्रे, कित्येकदा मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख, सगळे एकमेकांना चिकटवलेले. ते सुटे करणे जड, म्हणून भंगारवाला तिला पैसा देत नाही आणि कचरा वेचणारी बाई तिच्यासाठी वाकत नाही. बाटली उचलली जाते, पुडी राहते. भीमा तिला कर्नाटकात नेते, तेथून कृष्णेत. वाटेत तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. माती काही होत नाही.

तथापि सगळा बोल घेणाऱ्यावर ठेवणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. तमिळनाडूत चिन्नी कृष्णन यांनी शांपू पुडीत भरून विकण्याची वाट पाडली, ती ज्याला बाटली परवडत नाही त्याच्यासाठी. हेतू वाईट नव्हता. २०१६ च्या नियमांनी असली वेष्टने परत गोळा करण्याची जबाबदारी कारखानदारांवर टाकली. १ जुलै २०२२ पासून कान साफ करण्याच्या प्लास्टिकच्या काड्या देशात बंद झाल्या. शांपूची पुडी त्या यादीत नव्हती. कारखानदाराकडे बोट दाखवावेच. पण त्याचा हिशेब निराळा आणि आपला निराळा. त्याच्या बाकीने आपली बाकी फिटत नाही.

आणि लहान गोष्टीला किंमत नाही असे वारकऱ्याने तरी कसे म्हणावे? तुळशीचे एक पान वाहताना आपण म्हणतो का, की एका पानाने देवाला काय होणार? आळंदी ते पंढरी वाट एकेका पावलानेच सरते. पान मोजायचे आणि पुडी मोजायची नाही, हा हिशेब आम्हांस काही जुळत नाही.

जुने तेवढे सोने, असेही आमचे म्हणणे नाही. मशेरीने तोंडाचे नुकसान करून घेतलेली माणसे गावोगाव आहेत. त्यापेक्षा ब्रश बरा. तो झिजला की समई घासायला ठेवावा. निंबाची काडी चांगली, पण एका दिंडीने वाटेवरचे एकच झाड ओरबाडावे हे बरे नव्हे. अंगाला साबणाची वडी घ्यावी, कागदात गुंडाळलेली मिळाली तर फारच उत्तम, आणि बरोबर साबणदाणी. नदीत मात्र साबण लावूच नये. तेथे बुडी पुरे.

केसांचे काय, असे बायाबापड्या विचारतील, आणि रास्तच विचारतील. वाटेवरची धूळ नुसत्या पाण्याने जात नाही. दिंडीच्या ट्रकात तांदूळ, डाळ, रॉकेलचे डबे जातात, त्यांत दळलेल्या शिकेकाईचा एक मोठा डबा सहज मावेल. वाटीने घ्यायची, मुक्कामाला टँकरच्या पाण्यावर न्हायचे. रिठा मिसळला तर फेसही येतो. ज्यांना शांपूच हवा त्यांनी चौघींत एक बाटली घ्यावी. आणि पुडीच घ्यावी लागली, तर रिकामी पुडी पदराच्या गाठीला बांधून राहुटीवर आणावी. डब्याची वर्गणी किती, हे विणेकरी बुवांनी भिशीचा हिशेब करतानाच धरून टाकावे, म्हणजे ऐनवेळी कुरकुर होत नाही.