मांडव्यांचा युक्तिवाद

आत्या माळकरी. एकादशी चुकवत नाही, तसा धरलेला प्रश्नही सोडत नाही. "ह्यानं केलंय, हे तुला आतून ठाऊक असतं ना गं? तरी त्याच्या बाजूनं उभी राहतेस. त्यातलं थोडं पाप तुझ्या खाती चढत नाही का?"

पंढरपूरच्या कोर्टात फौजदारी वकिली करणाऱ्या बाईला हा प्रश्न लग्नकार्यात, एसटीत, कुठेही गाठतो. त्याची ठरलेली उत्तरं आमच्या तोंडात असतात. राज्यघटनेच्या 22 व्या अनुच्छेदानं अटक झालेल्याला वकिलाचा हक्क दिला आहे. बार कौन्सिलचा नियम सांगतो, की आरोपीच्या दोषाबद्दल तुमचं मत काहीही असो, बचाव करा. अमक्याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असे बार असोसिएशनांचे ठराव सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये बेकायदा ठरवले. आत्या सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "हे तुमच्या जज्जाचं झालं. मी चित्रगुप्ताचं विचारतेय."

तिचं म्हणणं रास्त आहे. न्यायाधीश घटनास्थळी नसतात, म्हणून कोर्टाला पुरावा लागतो आणि पुरावा तपासायला वकील लागतो. पण ज्याच्या वहीत सगळं आधीच लिहिलेलं आहे, त्याच्यापुढे बचाव कशाचा करायचा? याचं उत्तर मला कायद्याच्या पुस्तकात मिळालं नाही, महाभारताच्या आदिपर्वात मिळालं.

मांडव्य ऋषी मौन धरून तपाला बसले होते. चोर आले, चोरीचा माल आश्रमात लपवून स्वतःही तिथेच दडले. मागून राजाचे शिपाई आले आणि चोर कुठे गेले म्हणून विचारू लागले. ऋषी बोलले नाहीत. झडतीत माल निघाला, चोर निघाले, आणि गप्प बसलेला माणूसही त्यांच्यातलाच ठरला. सगळ्यांना सुळावर चढवलं. मांडव्य सुळावरही मेले नाहीत. राजाला चूक कळली, पण सूळ निघेना, म्हणून तो कापावा लागला. त्याचं टोक अंगात घेऊनच ते पुढे फिरत राहिले आणि अणीमांडव्य झाले.

इथवर ही चुकीच्या शिक्षेची कथा आहे. पुढे ते थेट यमधर्माच्या दरबारात गेले आणि विचारलं, माझा गुन्हा काय? धर्मानं सांगितलं, की लहानपणी तू पतंग-किड्यांच्या शेपटीत गवताच्या काड्या खुपसल्या होत्यास. हे मांडव्यांनी नाकारलं नाही. ते म्हणाले, गुन्हा एवढासा आणि दंड केवढा! आणि मी तेव्हा पोर होतो. तिथेच त्यांनी धर्माला शाप दिला, म्हणून तो दासीच्या पोटी विदुर होऊन जन्माला आला. शिवाय चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या कृत्याला पाप लागणार नाही, अशी मर्यादाही त्यांनीच घालून दिली.

पहिल्यांदा हे नीट वाचलं तेव्हा मी वकील म्हणून चमकले. इथे न्यायाधीश सर्वज्ञ आहे, कृत्य कबूल आहे, आणि तरीही आरोपीकडे बोलायला दोन भक्कम मुद्दे आहेत: वय आणि प्रमाण. म्हणजे "केलंय" हे कळल्यावरही खटला संपत नाही.

माझ्या कामाचा मोठा भाग ह्या उरलेल्या खटल्यातच जातो. एक सांगते. तपशील थोडे बदलले आहेत, कारण अशिलानं विश्वासानं सांगितलेलं फोडायचं नसतं. जुन्या कायद्यात ते 126 कलम होतं, नव्या साक्ष्य अधिनियमात 132 आहे. आषाढीच्या गर्दीत वाळवंटात एका वारकरी बाईचं मंगळसूत्र गेलं आणि तिथेच एक तरुण बाई पकडली गेली. कोर्टाच्या व्हरांड्यात कडेवर पोर घेऊन उभी होती. म्हणाली, "ताई, त्या म्हातारीचं घेतलं मी. पण बाकी दोन मला माहीत नाहीत." त्या दिवसात न उलगडलेल्या आणखी दोन चोऱ्या तिच्या नावावर लागल्या होत्या.

तिच्या आजीचा जन्म सोलापूरच्या सेटलमेंटमधला, तारेच्या कुंपणातला. 1871 च्या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदवल्या. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण कुठलीही बेवारस चोरी त्यांच्या गळ्यात घालायची सवय गेली नाही.

1 जुलै 2024 पासून तीन नवे कायदे आले. चोरीचं 379 आता 303 झालं. पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीला, माल परत केला तर, समाजसेवेची शिक्षा आली. पण त्या पैशांत हल्ली ग्रॅमभर सोनंही येत नाही, म्हणजे मंगळसूत्राला ती सोय नाही. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ काढला, की त्याला सोडावं, असं नागरिक सुरक्षा संहितेचं 479 कलम सांगतं. पूर्वी ही अट निम्म्या शिक्षेची होती. ही सवलत जुन्या खटल्यांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं. मांडव्यांनी घातलेली मर्यादा त्यांच्या स्वतःच्या कामी आली नव्हती. इथे निदान आत असलेल्यांना फायदा मिळाला. मात्र एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असले, तर हे दार बंद. म्हणजे त्या दोन फुकटच्या चोऱ्यांनी तिची ही वाटही अडवली होती. नेहमीचा जामीन मंजूर झाला, पण सातबारा असलेला जामीनदार आणायचा कुठून?

नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणंही. आता सगळं कॅमेऱ्यात दिसणार, तर वकिलांना काम काय उरणार, असं लोक म्हणतात. मला हे चित्रीकरण हवंच होतं. आमच्या खटल्यातलं पाहिलं, तर सुरुवातीलाच त्या दोन चोऱ्यांतले दागिने टेबलावर मांडलेले होते आणि पंच खुर्च्यांवर बसलेले होते. ते कुठून, कुणाकडून निघाले, हे त्यात नव्हतंच. त्या दोन गुन्ह्यांत पुरावा टिकला नाही. तिसऱ्यात दोष सिद्ध झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

आत्याला मी हे सांगितलं, तेव्हा तिनं म्हातारीचं विचारलं. ती दिंडीबरोबर हिंगोलीकडून चालत आलेली. साक्षीला उभी राहिली आणि सरळ, खरं बोलली. मला तिची उलटतपासणी घेता आली असती. पावती कुठंय, अंधार किती होता, चष्मा लागतो का, हे प्रश्न प्रत्येक वकिलाला पाठ असतात. मी "क्रॉस नाही" म्हणून खाली बसले आणि पुढे फक्त शिक्षेवर बोलले: पहिला गुन्हा, कडेवर मूल, आत काढलेले महिने. अशिलाला हे आधीच समजावून तिची संमती घेतली होती. कुणी म्हणेल, हा बचावात कमीपणा झाला. मला तसं वाटत नाही. आमच्या धंद्यात पाप कुठे लागू शकतं, तर इथे: खरं बोलणाऱ्या माणसाला खोटं पाडण्यात, पढवलेला साक्षीदार उभा करण्यात. आरोपीशेजारी उभं राहण्यात ते नाही.

दंडाचं प्रमाण चुकलं, तर त्याचं पाप दंड देणाऱ्यालाही लागतं, असं आदिपर्वाचं म्हणणं दिसतं, नाहीतर खुद्द धर्माला शाप लागला नसता. मांडव्यांना आपला युक्तिवाद शिक्षा भोगून झाल्यावर करावा लागला, कारण राजापुढे त्यांच्या वतीनं बोलायला कुणी नव्हतं. तोच युक्तिवाद शिक्षेच्या आधी, आरोपपत्र आल्यावर करता यावा, एवढ्यासाठी कोर्टात आमची खुर्ची ठेवलेली आहे.